समुद्राकडे जाणारी वाट कोणाच्या सातबाऱ्यावर असते?

पडवीतला

नमस्कार मंडळी. चतुर्थीला गावी जाऊन आलो, त्याला आठ दिवस झाले. एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाही. इथे कोकणातले, महसूल खात्यातले, वकिलीतले बरेच जण आहेत म्हणून लिहितो. लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आमचं गाव वेंगुर्ल्याला लागून, समुद्रावर. नाव मुद्दाम देत नाही. घर जांभ्या चिऱ्याचं, मंगलोरी कौलांचं. पुढे खळं, मागे माडांची बाग, बागेच्या शेवटी गडगा, म्हणजे दगड रचून केलेलं कुंपण. गडग्याला एका जागी दोन्ही बाजूंना एकेक चिरा ठेवलेला. अलीकडच्या चिऱ्यावर पाय देऊन चढायचं, पलीकडच्यावर उतरायचं, की दोन बागांमधून जाणारी वाट थेट पुळणीवर, समुद्राच्या वाळूवर. चिरा मधोमध इतका झिजलेला की पावसात त्यात ओंजळभर पाणी साचतं आणि कावळे प्यायला येतात. लहानपणी मला वाटायचं, हा चिरा कावळ्यांसाठीच ठेवलाय.

या वेळी मागच्या दारी गेलो तर गडग्याच्या पलीकडे सात-आठ फूट उंच निळा पत्रा. लांबपर्यंत. रस्त्याच्या बाजूला काळं लोखंडी गेट, त्यावर कॅमेरा आणि ‘खासगी मालमत्ता’ अशी पाटी. आमच्या बाजूचा चिरा जागेवर आहे, त्यावर चढलं की नाक पत्र्याला लागतं. पलीकडचा दिसला नाही.

काकी एकटी राहते तिथे, वय ७४. रापण (किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायचं मोठं जाळं) लागली की ती त्या वाटेने किनाऱ्यावर जायची आणि ताटलीभर मासे घेऊन यायची. सात मिनिटांची वाट. आता डांबरी रस्त्याने वळसा घालून पाऊण तास. ती म्हणते, ‘मासे काय, घरपोच येतत.’ पण गणपती विसर्जनालाही या वर्षी आम्ही टेम्पो केला. समुद्र घरामागे आणि गणपती टेम्पोत! भजनी मंडळी टेम्पोमागून चालत होती. मागच्या गाडीवाल्यांचे हॉर्न ऐकत आरती म्हणायची वेळ आली.

घेणारे बाहेरचे आहेत. त्यांनी रीतसर पैसे मोजून जमीन घेतली आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. गोव्यातला मोपाचा विमानतळ सुरू झाल्यापासून (२०२३ च्या जानेवारीत विमानं सुरू झाली) आमच्याकडे शिरोडा, आरवली, रेडीपासून वेंगुर्ल्यापर्यंत हे चालूच आहे. २०२१ ला आमच्या जिल्ह्यातला चिपी विमानतळ झाला तेव्हा नुसती चर्चा होती, मोप्यानंतर खरेदीखतं व्हायला लागली. गुंठ्याचा दर विचारला की सांगणारा आधी तुम्ही कुठून आलात ते विचारतो, मग आकडा सांगतो.

मला एवढंच विचारायचंय, जमीन विकली म्हणजे त्यातून जाणारी वाटही विकली जाते का? सातबाऱ्यावर तर वाटेचा उल्लेख नाही. तलाठ्यांना विचारलं, ते म्हणाले, ‘सातबाऱ्यावर नाही म्हणजे नाही.’

---

वाचनमात्र_दादर

वाचतोय. आमचं आजोळ अलिबागजवळ. २०२० ला भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो (गाड्याही नेणारी बोट) सुरू झाली आणि ज्या वाडीत आम्ही सुपाऱ्या वेचायचो तिच्याभोवती भिंत आली. तिथे वाट परत मागायला कोणी उरलंच नव्हतं, सगळे मुंबईत. तुमच्या काकी तरी तिथे आहेत.

---

शंकूसाखळी

भूमी अभिलेखमधून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. नाव बघून कळलंच असेल की शंकूसाखळीने मोजणी केलेल्या पिढीतला आहे.

‘सातबाऱ्यावर नाही म्हणजे नाही’ हे उत्तर चूक आहे. सातबारा हा हक्काचा आणि पिकाचा कागद. वाट शोधायची ती नकाशात. गाव नकाशाची प्रत काढा. त्यावर दुहेरी तुटक रेषा असेल तर ती गाडीवाट, एकेरी तुटक रेषा असेल तर पाऊलवाट. पाऊलवाट सव्वाआठ फूट धरतात, गाडीवाट साडेसोळा ते एकवीस. ज्यांना वाटतं पाऊलवाट म्हणजे एका माणसाचा पाय मावेल तेवढी, त्यांच्यासाठी सांगितलं.

कोकणात बऱ्याच ठिकाणी गट झालेले नाहीत, अजून सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर चालतो. त्यामुळे टिपण (मूळ मोजणीची नोंद) आणि फाळणी (हिश्श्यांचा नकाशा) हेही मागा. हिस्सा पाडताना मोजणीदाराने वाट दाखवली असेल तर फाळणीत ती येते. नकाशा स्पष्ट निघेलच असं नाही. मी स्वतः असे नकाशे हाताळलेत की पाऊलवाटेच्या रेषेवर घडी पडून कागद फाटलाय आणि रेषा त्या भेगेत गेलीय. अशा वेळी आजूबाजूच्या हिश्श्यांची टिपणं लावून बघायची.

आता तीन प्रश्न. गेट नेमकं कधी लागलं? ही जमीन मूळची कोणाची? आणि झिजलेल्या चिऱ्याचा फोटो काढला का? नसेल तर आजच कोणाला तरी पाठवून काढून घ्या, शेजारी फूटपट्टी ठेवून. मी जन्मभर कागद मोजले, पण स्थळपाहणीला माणूस आला की तो कागदाच्या आधी जमिनीकडे बघतो.

---

रापणकार

मी हयसरच रवतंय. ती वाट माका म्हायत आसा. माझो आजो त्याच वाटेन रापणीक जाय. रापण ओढूक जो हात लावता तेका वाटो गावता, मगे तो कोणाचोय असांदे. बायका टोपली घेवन त्याच वाटेन डांबरीर येयत. आता थय वॉचमन बसता. माका इचारता, ‘किधर जाना है?’ मी म्हटलंय, बाबा, मी खंय जावक नाय, मी घराक येवक लागलंय.

लोक म्हणतत मच्छीमारांची वाट अडली. आमचीच नाय रे. थयसून गुरां जायत, पोरां खेळाक जायत, मयत जाय.

आणि एक सांगतंय, रागाव नको. ती जमीन पयली कोणाची व्हती ता तू लिवलंस नाय.

---

सीटच_नको

मी जमिनीच्या व्यवहारात आहे. हो, एजंट. शिव्या घालायच्या असतील तर शेवटी घाला.

घेणाऱ्यांचा पहिला प्रश्न ‘सी टच आहे का?’ मी आता थेट सांगतो, सी टच घेऊ नका, पावसाळ्यात समुद्रच येऊन प्लॉटला टच करतो. हसतात आणि तरी तोच प्लॉट बघतात. त्यांना सीआरझेड (किनाऱ्यालगतच्या बांधकामावरचे केंद्राचे नियम) म्हणजे एक ‘परमिशन’ वाटते, पैसे भरून मिळणारी. १९९१ ला पहिली अधिसूचना आली, मग २०११, मग २०१९. ग्रामपंचायतीचा भाग सहसा सीआरझेड-३ मध्ये. २०१९ च्या अधिसूचनेत त्याचे दोन भाग केले. २०११ च्या जनगणनेनुसार चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा जास्त वस्ती असेल तिथे भरतीरेषेपासून ५० मीटर ना-विकास क्षेत्र, त्याहून विरळ वस्ती असेल तिथे २०० मीटर. आमच्या बाजूची बहुतेक गावं विरळ. म्हणजे समुद्राला लागून ज्या पट्ट्याचे सगळ्यात जास्त पैसे मोजले जातात, त्याच पट्ट्यात बाहेरच्याला नवं घर बांधता येत नाही. जुनं घर आहे त्याची दुरुस्ती करता येते, म्हणून मोडकळीला आलेल्या मांगराला भाव आलाय. मांगर! ज्यात आम्ही सोडणं आणि झापं ठेवायचो.

मग हा माणूस काय करतो? बांधता येत नाही म्हणून आधी कुंपण घालतो. आपण एवढे पैसे दिले ते कुठे आहेत, हे त्याला दिसायला हवं असतं. निळा पत्रा दिसला की समजायचं, मालकाला नुकतंच कळलंय.

वाटेबद्दल खरं सांगतो. विकणाऱ्याला मी विचारतो, ‘कोणाची वहिवाट आहे का?’ तो म्हणतो, ‘नाय.’ कारण ‘आहे’ म्हटलं की दर पडतो. आणि खरेदीखतात एक ठरलेलं वाक्य असतं, जमीन बोजाविरहित, निर्वेध आहे. ते वाक्य कोणी वाचत नाही, टाइप करणारासुद्धा.

---

खाडीकाठची

सगळ्यांनी बाहेरच्यांना बोलायचं ठरवलंय तर मी उलटं बोलते.

माझी होमस्टे आहे, चार खोल्या, निवास-न्याहारी योजनेत नोंदवलेल्या. पाहुणे पुण्याचे, बेळगावचे, बंगलोरचे. खाडीत कांदळवनं दाखवायला बायका होडी वल्हवतात, त्यांनाही त्यातून दोन पैसे सुटतात. हे बाहेरचे लोक आले नसते तर मी आज ठाण्याला कुठल्या तरी कॉल सेंटरला असते. आमच्या वाडीत सव्वीस घरं, त्यातली अकरा वर्षभर कुलूपबंद. चतुर्थीला उघडतात, सहा दिवस दिवे लागतात, सातव्या दिवशी परत कडी. त्या अकरा घरांतले लोक ग्रामसभेला नाहीत, पाण्याच्या नळासाठी भांडायला नाहीत, कोणी आजारी पडलं तर रात्री गाडी काढायला नाहीत. पण जमीन विकताना पहिले हेच. आणि विकून झाल्यावर ‘गाव बदललं हो’ म्हणणारेही हेच.

पडवीतला, तुमच्यावर राग नाही. पण तुमच्या काकींना रात्री दोन वाजता दवाखान्यात नेलं तर कोण नेईल, तो माणूस या धाग्यावर आहे का बघा.

तरीही गेट चूक आहे. माझे पाहुणेही त्याच वाटेने समुद्रावर जायचे. म्हणजे माझा स्वार्थ आहे, तो लपवत नाही.

---

पडवीतला

रापणकार आणि शंकूसाखळी, दोघांनी एकच प्रश्न विचारलात, तेव्हा लिहितोच. जमीन आमचीच होती. २००६ साली बाबांनी विकली. डोंबिवलीतला फ्लॅट तेव्हा घेतला. घेणारे ओळखीचे, घाटावरचे डॉक्टर. सतरा-अठरा वर्षं त्यांनी तिथे काही केलं नाही. मे महिन्यात येऊन आंबे खायचे, वाटेने जाणाऱ्यांना हाक मारायचे. डॉक्टर गेले, त्यांच्या मुलांनी पुढे विकली. धाग्यात लिहिलं नाही कारण लाज वाटली. दुसऱ्याच्या गेटवर एवढं लिहायचं आणि त्या जमिनीच्या पैशांतून घेतलेल्या घरात बसून लिहायचं.

खाडीकाठची, काकीला गेल्या वर्षी नेलं ते रापणकारांच्या भावाने. बरोबर बोललात.

गेट अक्षय्य तृतीयेच्या सुमारास लागलं. काकीला नक्की आठवतं, कारण त्या दिवशी तिने शेजारणीकडून आंबे मागवले होते आणि ती बाई मागच्या बाजूने यायची ती पुढून आली.

फोटो काढून घेतलाय. फूटपट्टी नव्हती, काकीने नारळ ठेवला.

---

शंकूसाखळी

नारळही चालेल. आता धावपळ करा, कारण दिवस मोजलेले आहेत. कायद्याचं सांगायला कोणी वकील येतील, मी फक्त तारीख सांगतो. अक्षय्य तृतीयेपासून सहा महिने धरा.

---

दाव्यातला_माणूस

आलोच. त्या सहा महिन्यांचा अर्थ असा की मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ चं कलम ५. जुनी वाट कोणी अडवली असेल तर तहसीलदार अडथळा काढायचा आदेश देऊ शकतात, पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज हवा. सातवा महिना लागला की हे दार बंद, मग दिवाणी कोर्ट आणि तिथले पावसाळे. बरेच लोक इथे गल्लत करतात आणि जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली अर्ज करतात. ते कलम बांधावरून नवी वाट मागण्यासाठी आहे. तुमची वाट नवी नाही.

आणखी एक, जे सहसा कोणी वाचत नाही. कलम ५ मध्ये शेती, चराई, झाडं, पिकं यांच्याबरोबर मासेमारीचाही उल्लेख आहे. १९०६ साली मुंबई इलाख्यात कायदा लिहिणाऱ्याला किनारा माहीत होता असं दिसतं. म्हणून अर्जदार एकटे तुम्ही नको. रापणीवाले हवेत, गुरं नेणारे हवेत, काकी हव्यात. डोंबिवलीच्या पत्त्यावरून एकट्याचा अर्ज गेला तर समोरचा वकील पहिला प्रश्न विचारेल, ‘आपण वर्षातून किती दिवस ही वाट वापरता?’

जोडीला सुविधाधिकार कायदा, १८८२. कलम १५ प्रमाणे वीस वर्षं उघडपणे, हक्काने, खंड न पडता वापर असेल तर वाटेचा हक्क मिळतो. कलम १८ रूढीने चालत आलेल्या हक्कांचं. ते दिवाणी कोर्टात लागतं. तहसीलदारांकडचा आदेश आला तरी पुढे कोणीतरी दिवाणीत जातंच, म्हणून पुरावा आत्तापासून दोन्हीकडे चालेल असा गोळा करा.

बाबांनी केलेलं खरेदीखत घरात आहे का? त्यातली चतुःसीमा वाचा. चारही बाजूंना काय लिहिलंय ते.

---

मस्कतवाला

अवांतर: मीही त्याच बाजूला वाडी बघतोय, निवृत्तीनंतर राहायला. कोणाला निर्वेध प्लॉट माहीत असेल तर कळवा.

---

सीटच_नको

अनिवासी भारतीयाला शेतजमीन विकत घेता येत नाही, वारसाहक्काने मिळू शकते. बिनशेती प्लॉट किंवा घर घेता येतं. परत येऊन राहिलात तरी आपल्याकडे शेतजमीन घ्यायला कुळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतकरी असावं लागतं. तुमच्या आजोबांच्या सातबाऱ्यावर वारस म्हणून नाव लागलंय का ते आधी बघा. निम्म्या लोकांचं लागलेलं नसतं.

(आणि या धाग्यावर प्लॉट मागताय, तुमच्या हिंमतीला सलाम.)

---

चाळीस_नावं

नाव लागण्याचा विषय निघाला म्हणून. आमचा सातबारा सामाईक, नावं एकेचाळीस, त्यातली निम्मी वारलेली. एका चुलत-चुलत भावाने आपला हिस्सा परस्पर विकला. घेणाऱ्याने समुद्राकडची बाजू हाच ‘त्याचा हिस्सा’ समजून कुंपण मारलं. डोंगराकडचा कातळ आमच्या वाट्याला. चालतं का हे?

---

दाव्यातला_माणूस

अविभक्त हिस्सा विकता येतो, पण घेणाऱ्याला मिळतो तो हिस्साच, अमुक कोपरा नव्हे. कोपरा ठरतो वाटपात. सगळे कबूल असतील तर तहसीलदारांकडे जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ प्रमाणे, नसतील तर दिवाणी दावा. राहतं घर सामाईक असेल तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ४४ प्रमाणे बाहेरच्या खरेदीदाराला त्यात घुसून एकत्र राहण्याचा हक्क नाही.

आणि फेरफाराची (सातबाऱ्यावरचं नाव बदलण्याची) नोटीस निघाली की हरकतीला १५ दिवस असतात. ‘आपली चावडी’ या सरकारी संकेतस्थळावर गावाच्या फेरफार नोटिसा दिसतात. मुंबईत बसलेल्यांनी रोज शेअर बाजार बघतात तसं महिन्यातून दोनदा ते बघावं. तुमच्या प्रकरणासाठी वेगळा धागा काढा, इथे वाटेवरून भरकटू.

---

तेरेखोलपलीकडे

पेडण्याहून. खाडी ओलांडली की तुमचं गाव, त्यामुळे तुमचं उद्याचं आमचं काल झालेलं आहे. आमच्याकडे मोरजी, आश्वे, मांद्रे बघा. आमच्याही वाटा अशाच गेल्या. आधी फाटक आलं, ते दिवसा उघडं ठेवायचे. मग फक्त ओळखीच्यांना. मग ओळखणारा वॉचमनच बदलला.

गोव्यात एक गोष्ट बरी आहे. समान नागरी कायद्यामुळे नवरा-बायको दोघांची मालकी धरली जाते, म्हणून विकताना दोघांच्या सह्या लागतात. माझ्या आईने सही केली नाही म्हणून आमची एक जमीन वाचली. वडील दोन वर्षं तिच्याशी बोलत नव्हते. आता त्या जमिनीत भात लावतो, आणि भातजमीन शेतकऱ्यालाच विकता येते अशा २०२३ च्या कायद्याने तिला आणखी कडी लागली आहे. वडील आता सगळ्यांना सांगतात की विकायची नाही हे त्यांनीच ठरवलं होतं.

---

संचालक

दोन प्रतिसादांतून सर्व्हे नंबर आणि सध्याच्या मालकांचं नाव काढलं आहे. धागा चांगला चाललाय, माणसांची नावं न घेता चालू द्या.

---

पडवीतला

तीन आठवड्यांनी लिहितोय. कागद मिळाले.

बाबांच्या ट्रंकेत २००६ चं खरेदीखत सापडलं, पोह्यांच्या जुन्या डब्यात गुंडाळी करून ठेवलेलं. चतुःसीमा अशी: ‘पूर्वेस लिहून देणार यांची बाग व गडगा, दक्षिणेस वहाळ, उत्तरेस अमुक यांची बाग, पश्चिमेस पुळण व समुद्र, आणि मिळकतीमधून पूर्वपश्चिम जाणारी वहिवाटीची पायवाट, जी सर्वांस येण्याजाण्यास पूर्ववत खुली राहील.’ हे शेवटचं बाबांनी घालून घेतलं की लेखनिकाने सवयीने लिहिलं, मला माहीत नाही. विचारायला बाबा नाहीत. काकी म्हणते, सहीच्या दिवशी बाबा आणि डॉक्टर एकाच एसटीने वेंगुर्ल्याला गेले होते आणि येताना दोघांनी मिळून बांगडे आणले होते. वाटेचं काही बोलणं झालेलं तिला आठवत नाही.

मग दुय्यम निबंधकांकडून नव्या खरेदीखताची नक्कल काढली. चतुःसीमा: ‘पूर्वेस बाग, दक्षिणेस नाला, उत्तरेस बाग, पश्चिमेस समुद्र.’ संपलं. वहाळाचा नाला झाला, पुळण गेली, पायवाट गेली. कोणी खोडली असं नाही. टाइप करणाऱ्याने आटोपशीर केलं असावं. सीटच_नको, तुमचं ‘निर्वेध’ वाक्य मात्र अक्षर न अक्षर आहे.

गाव नकाशावर एकेरी तुटक रेषा आहे. शंकूसाखळी, फाटलेली नाही.

अर्जावर चौतीस सह्या आणि अंगठे. पहिली सही काकीची. मुदत संपायला अकरा दिवस होते.

---

शंकूसाखळी

डॉक्टरांच्या मुलांना ते खत ठाऊक असणार, निदान त्यांच्या वकिलाला. मूळ खतातली अट पुढच्या खतात गाळली म्हणून अट मरत नाही. विकणाऱ्याकडे जेवढं होतं तेवढंच तो देऊ शकतो.

माझ्या नोकरीत एका वृद्ध तलाठ्यांनी मला चतुःसीमा मोठ्याने वाचून दाखवायला लावली होती, दोन्ही पक्षांसमोर. मला तेव्हा तो वेळकाढूपणा वाटायचा.

---

सीटच_नको

मान्य. कालपासून मसुदा पाठवताना चतुःसीमा जुन्या खताशी ताडून बघतो. एक व्यवहार त्यात अडकलाय, माझी दलाली गेली तर या धाग्यावर वर्गणी मागेन.

---

खाडीकाठची

चौतीसात माझी सही आहे. आणि गंमत बघा, कुलूपबंद अकरा घरांपैकी चार घरांतले लोक सहीसाठी मुंबईहून आले. दोघांनी येऊन आधी घराची कौलं परतून घेतली. सह्या झाल्यावर आमच्या खळ्यात चहा झाला, तेव्हा लक्षात आलं की इतकी माणसं चतुर्थीशिवाय एकत्र जमून किती वर्षं झाली.

---

पडवीतला

परवा स्थळपाहणी झाली. मंडळ अधिकारी आले, पंच आले, नव्या मालकांकडून व्यवस्थापक आणि वकील आले. व्यवस्थापक तरुण मुलगा, सभ्य. म्हणाला, आम्हाला सांगितलं होतं की इथून कोणी जात नाही. चिऱ्यापाशी सगळे थांबले. मंडळ अधिकाऱ्यांनी वाकून त्या खळग्यात बोटं फिरवली आणि लिहून घेतलं, ‘चढण्यासाठी ठेवलेला जांभा दगड, पायांच्या वापराने झिजलेला.’ वकील म्हणाले, पावसानेही झिजतो. रापणकार तिथेच होते, ते म्हणाले, ‘मगे शेजारचे चिरे कित्याक झिजले नाय?’ पंचनाम्यात हे आलं नाही, पण हसले सगळे.

आदेश अजून यायचा आहे. मोजणीचाही अर्ज केलाय, तारीख मिळायची आहे. तोवर मालकांनी ‘तात्पुरती सोय’ म्हणून आमच्या बाजूचा पत्रा तीन फूट कापून दिलाय. त्यासाठी ‘परवानगीने वापर’ असं लिहिलेल्या कागदावर सह्या मागितल्या होत्या. दाव्यातला_माणूस यांना फोन केला, ते एकच शब्द बोलले, ‘नको.’ सह्या केल्या नाहीत. पत्रा मात्र कापलेलाच आहे.

---

दाव्यातला_माणूस

बाकीच्यांसाठी: परवानगीने वापरतो असं एकदा लिहून दिलं की हक्काने वापरतो हे म्हणता येत नाही. गोड बोलून सर्वात जास्त वाटा अशाच जातात.

---

रापणकार

वाट सुटली, पण तीन फुटाची. टोपली डोक्यार घेतली की पत्रो लागता, म्हणान बायका आता कमरेर घेतत. नकाशात सव्वाआठ आसा, ता आमी सोडूचव नाय.

तुमचो पलीकडचो चिरो वहाळात गावलो, गाळात उलटो पडलेलो. चौघांनी मिळान काढलो. मोजणी होयसर परत गडग्याक लावूचो नाय असा वकिलांनी सांगल्यानी, म्हणान तुमच्या खळ्यात ठेवलो हा. काकी त्याच्यार बसान मासे कापता. कावळे येतत.

मोजणीची तारीख गावली की कळय. आणि येताना एसटीन ये, तुझी गाडी लावूक हय जागा नाय.